उजवीकडचं बटण

मस्कतहून काकाने कॉम्प्युटर पाठवला
तेव्हा खोक्यात सगळ्यात वर ती होती.
काळी, चौकोनी जॉयस्टिक, मधे दांडा,
आणि डाव्या कोपऱ्यात एकच तांबडं बटण.
सोबत रंगीत कागद, त्यावर तिच्या बहिणी:
एकीचं बटण दांड्याच्या टोकावर, कपाळावरच्या टिकलीएवढं,
एकीचं पोटाशी, पिस्तुलाच्या घोड्यासारखं,
आणि एक पायाला रबरी वाट्या लावून
फरशीला चिकटून बसणारी.
तिला दोन बटणं. दोन्ही बाजूंना.
तो कागद मी उशीखाली ठेवायचे.

कारण मी डावखुरी.
दांडा डाव्या हातात धरला
की उजव्या अंगठ्याला नुसती प्लॅस्टिकची पाठ.
हातावरून हात ओलांडून खेळायचे मी,
अन् शत्रूची विमानं निवांत खाली उतरायची.
ताटावर डावा हात गेला की आत्या चापट मारायची.
हिने मारली नाही, एवढंच.

बाबा भुसावळ यार्डाच्या पूर्व कॅबिनवर.
आठ तास लोखंडी लिव्हर ओढायचे:
आधी मूठ आवळून खटका सोडवायचा,
मग अंगाचा सगळा भार.
एका रात्री ड्युटीवरून आले, म्हणाले, बघू बरं.
मूठ आवळली. भार टाकला.
कट्.
पडद्यावरचं विमान डावीकडे जात राहिलं,
डावीकडेच,
आणि बाबांच्या मुठीत दांडा, सुटा.
"सांधा बदलला वाटतं," म्हणाले.

सुकलाल मिस्तरीचं दुकान जामनेर रोडला.
पंखे, रेडिओ, लग्नाचे भोंगे.
त्याने चार स्क्रू काढून आत फुंकर मारली.
मला वाटायचं, आत काय काय असेल.
आत पत्र्याच्या पाच टिकल्या,
दाबलं की वाकणाऱ्या, सोडलं की उसळणाऱ्या.
चार दिशांच्या चार.
पाचवी तांबड्या बटणाखाली, झिजून पांढरी पडलेली.
"इतलंच?"
"इतलंच शे, माय."

दांड्यात त्याने सायकलच्या स्पोकचा कणा घातला,
मग पेटी माझ्याकडे सरकवली: धरीसन दाखव.
धरली.
तो चष्म्यावरून बघत राहिला.
"डावखोरी शेस का व?
मंग बटन आठे कसाले? तठे जोयजे."

उजव्या कोपऱ्यात भोक पाडलं,
काळा भुगा त्याच्या मिशीवर बसला.
भोकात बसवलं दारावरच्या घंटीचं बटण,
पांढरं, टपोरं, कुणाच्या तरी घरावरून उतरवलेलं.
तांबड्याला हात नाही लावला.
"ऱ्हाऊ दे त्याले. कोनी उजवा उना त खेयी."
अकरा रुपये घेतले, एक परत दिला.
बटण जुनं होतं ना.

तांबडं टिक वाजायचं. हे टक.
जरा खोल, जरा उशिरा,
जसं कुणी दार उघडायला आतून येतंय.
त्या उन्हाळ्यात, बाहेर वारा तापलेला,
मी एकही विमान खाली उतरू दिलं नाही.

बाबा पुन्हा खेळले नाहीत.
पण बूट काढता काढता कधी अंगठा पुढे करायचे:
एक ठोका. थांबून दोन.
"काय करताय?"
"लाइन मोकळी आहे का, विचारतोय."
रिकाम्या आभाळात आमचं विमान
तीन गोळ्या झाडायचं.

पुढे कॅबिन बंद झाली. पॅनेल आलं.
जिथं लिव्हर होते तिथं बटणंच बटणं, काचेखाली दिवे.
बाबांचे दंड त्या वर्षी उतरले.
पहिल्या दिवशी घरी आले,
चहा निवला तरी बोलले नाहीत.
मग कपाटावरून पेटी काढून
मांडीवर घेतली,
एक अंगठा तांबड्यावर, एक पांढऱ्यावर,
आणि दोन्ही एकदम दाबली.
टिक आणि टक एकाच वेळी.

"असं करावं लागतं तिथं," म्हणाले,
"सिग्नल या हाताने, रस्ता त्या हाताने. एकदम.
एका हाताचं काम नाही ते."
जरा थांबले.
"तुला आधीपासून जमलं असतं."